"इथे पाय का उचलला?" गांकाकू काताबरोबरचं माझं सव्वा वर्ष

मागच्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. मुंबईत कराटेच्या सेकंड डॅनची, म्हणजे ब्लॅक बेल्टमधल्या दुसऱ्या पायरीची, ग्रेडिंग परीक्षा होती, मालवणहून रात्रीच्या गाडीने गेलेली, झोप झालेली नाही, पण काता, म्हणजे एकट्याने करायची हालचालींची मालिका, मस्त झाला असं मला स्वतःला वाटत होतं. समोर तीन परीक्षक. मी गांकाकू संपवला, वाकून रेई केलं, आणि मधल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "ते एका पायावर उभं राहता ना, तिथे पाय का उचलला?" मी म्हटलं, "बॅलन्ससाठी." ते म्हणाले, "बॅलन्स तर दोन पायांवर जास्त असतो." बस्स, एवढंच. वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला. संध्याकाळी रिझल्ट लागला तेव्हा किहोन म्हणजे मूलभूत तंत्रं पास, कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत पास, कातामध्ये नापास.

परतीच्या प्रवासात मला राग आला नव्हता, खरं सांगते, मला तो प्रश्न सोडतच नव्हता. बावीस-तेवीस वर्षं कराटे करतेय, मधे लग्न आणि मुलीच्या वेळची काही वर्षं सोडली तर खंड नाही, पतसंस्थेतली नोकरी सांभाळून आठवड्यातून तीन दिवस मुलांना शिकवते, आणि एवढा साधा प्रश्न मला कधी स्वतःहून पडलाच कसा नाही? मी तो पाय हजारो वेळा उचललाय. उचलायचा असतो म्हणून उचललाय.

माझे सर आता कुडाळला मुलाकडे असतात. वय झालंय, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण अजून पहाटे उठून हात चालवतात. सर मूळचे कोल्हापूरचे, नोकरीच्या निमित्ताने मालवणात आले आणि इथल्याच शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी आम्हाला शिकवलं. पुढच्या रविवारी एसटी पकडून गेले. चौकं, धामापूरचा तलाव, सगळा रस्ता मी काय सांगायचं याचीच जुळवाजुळव करत होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चहा आला, आणि म्हणाले, "बरोबर विचारलं की त्यांनी. मीच तुला विचारायला पाहिजे होतं, माझं राहून गेलं." ते असं म्हणाले आणि माझ्या डोळ्यात पाणीच आलं.

ज्यांना कराटेची फार माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेल्या हालचाली, समोर माणूस नसताना. शोतोकान या आमच्या कराटेच्या शैलीत असे 26 काता आहेत. सुरुवातीला पाच हेइआन, मग तेक्की, आणि मग ज्यांना आपण अॅडव्हान्स्ड म्हणतो ते, बास्साई, कांकू, एम्पी, जिओन, हांगेत्सू, गांकाकू, सोचिन, उन्सू वगैरे. हेइआन हे अंको इतोसू या कराटेच्या जुन्या गुरूंनी 1900 नंतरच्या काळात जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळांतून मुलांसाठी आणले, आणि मुलांच्या हातात द्यायचे म्हणून त्यांतला मारामारीचा अर्थ मुद्दाम बाजूला ठेवला गेला असं बरेच अभ्यासक मानतात. आपल्याकडे काता पोचला तो असाच, आकड्यांवर, इची नी सान शी म्हणत कवायतीसारखा. मला माझ्या सरांबद्दल किंवा कोणाहीबद्दल तक्रार करायची नाही, चाळीस मुलं एका हॉलमध्ये असली की दुसरं काय करणार, मी स्वतःही तसंच शिकवते. पण त्याचा परिणाम असा होतो की ब्लॅक बेल्ट झाला तरी आपण हालचाली पाठ केलेला माणूसच असतो, आणि अॅडव्हान्स्ड काता म्हणजे आपल्याला वाटतं की उडी जास्त, गिरकी जास्त, एका पायावर जास्त वेळ.

माझ्या फर्स्ट डॅनला मी बास्साई दाई केला होता. त्याचा अर्थ साधारणपणे गडाला खिंडार पाडणं असा सांगतात, आणि आमच्या समोर समुद्रात सिंधुदुर्ग उभा, 1664 ला बांधायला घेतलेला, त्यामुळे सर तेव्हा दांडीच्या किनाऱ्यावर उभं करून सांगायचे की तो बघ तट, आता ढकल. ते चित्र डोळ्यासमोर असल्यामुळे बास्साई माझ्याकडून आपोआप जोरात व्हायचा. गांकाकूला असं काही चित्रच नव्हतं माझ्याकडे.

गांकाकू म्हणजे खडकावरचा क्रौंच. गान म्हणजे खडक, काकू म्हणजे क्रौंच. हे नाव शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशींनी दिलं. 1922 मध्ये ते ओकिनावाहून टोकियोला गेले आणि तिथेच राहिले, आणि पुढे त्यांनी जुन्या ओकिनावी-चिनी नावांच्या जागी जपानी नावं आणली, म्हणजे कुशांकूचं कांकू, वांशूचं एम्पी, तसं चिंतोचं गांकाकू. वादो आणि शितो-रयू या कराटेच्या दुसऱ्या शैलींमध्ये अजून चिंतोच म्हणतात. आणि त्या चिंतो नावामागे एक गोष्ट सांगतात. 19व्या शतकात रयुक्यूच्या, म्हणजे तेव्हाच्या ओकिनावाच्या, राजाच्या पदरी सोकोन मात्सुमुरा नावाचे मोठे योद्धे होते, इतोसूंचे गुरू. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला चिंतो नावाचा एक चिनी खलाशी गुहेत लपून राहत होता आणि गावात चोऱ्या करत होता, त्याला पकडायला मात्सुमुरांना पाठवलं. पण हा माणूस त्यांच्या तोडीस तोड निघाला, हरवता येईना. शेवटी मात्सुमुरांनी त्याला मारलं नाही, त्याच्याकडून विद्या घेतली, आणि तीच या कातात आहे. गोष्ट खरी किती आणि रचलेली किती याचा पुरावा नाही, पण मला ती फार जवळची वाटते. दर्यात बोट फुटून किनाऱ्याला लागलेला माणूस हे आमच्या इथे कोणाला समजावून सांगायला लागत नाही.

सरांना मी म्हटलं की गांकाकूच परत करणार, दुसरा काता घेऊन ग्रेडिंगला जाणार नाही. ते म्हणाले कर, पण मी सांगेपर्यंत पूर्ण काता करायचा नाही. पहिली मूव्ह फक्त. मी म्हटलं किती दिवस, तर म्हणाले पावसापर्यंत. म्हणजे फेब्रुवारी ते मे! फुनाकोशींनी स्वतः लिहून ठेवलंय की त्यांच्या गुरूंकडे तीन तेक्की काता शिकायला त्यांना दहा वर्षं लागली. हे वाचलेलं होतं मी, मुलांना सांगतही होते, पण स्वतःवर चार महिन्यांची वेळ आली तेव्हा कळलं की हे ऐकायला जेवढं छान वाटतं तेवढं करायला नाही.

पहिली मूव्ह तशी दिसायला काहीच नाही. उजवा पाय मागे, वजन मागच्या पायावर म्हणजे कोकुत्सू-दाची, दोन्ही उघडे हात एकमेकांना पाठीला पाठ लावून समोरचा हल्ला अडवतात, मग ते हात वळून पकडतात, खाली कमरेकडे येतात, आणि मग डावा ठोसा, उजवा ठोसा. झालं. रोज पहाटे साडेपाचला चिवला बीचवर जायचं आणि हेच करायचं, पन्नास वेळा, साठ वेळा.

वाळूवर करायचं हे माझंच डोकं होतं, कारण हॉल सकाळी बंद असतो. पण वाळूने मला जे दाखवलं ते वीस वर्षं फरशीवर कधी दिसलं नव्हतं. ओली वाळू असते ना, भरती उतरल्यावरची, चकचकीत आणि घट्ट, तिच्यावर पाऊल जसं पडतं तसं उमटून राहतं. मे महिन्यात सरांनी परवानगी दिली आणि मी पहिल्यांदा पूर्ण काता वाळूवर केला. गांकाकूचा एम्बुसेन, म्हणजे पावलांचा मार्ग, एका सरळ रेषेत आहे, पुढे मागे पुढे मागे, बाजूला जाणं नाहीच. काता संपल्यावर मागे वळून बघितलं तर माझी रेषा समुद्राकडे घसरत गेलेली, सुरुवातीपासून शेवटापर्यंत दोन हातांचा फरक. उतार समुद्राकडे होता हे खरं, पण उतार असला तरी दुसऱ्या माणसाचा ठोसा काय समुद्राकडे सरकून येणार आहे का? आणि जिथे जिथे वळले होते तिथे टाचेने वाळू उकरून खड्डा केलेला. म्हणजे वळताना वजन टाचेवर जात होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या खड्ड्यांचे मी मोबाईलवर फोटो काढून ठेवलेत, अजून आहेत. नंतर दर आठवड्याला काढायचे आणि बघायचे खड्डे उथळ झाले का.

त्याआधीच, एप्रिलमध्ये, रापणीचा प्रकार घडला. पहिल्या मूव्हमध्ये माझं अडत होतं ते ओढण्यावर. भाचा बारावीला आहे, अंगाने चांगला आहे, त्याला समोर उभा करून ठोसा मारायला लावायचे, दोन्ही हातांनी अडवायचे, पकडून कमरेकडे आणायचे, आणि तो मात्र जागच्या जागी उभा! हात त्याचा माझ्या कमरेपाशी येतोय, माणूस येत नाही. मग तो ठोसा मारायचा कशाला, त्याचा दुसरा हात मोकळाच आहे की, तो मला मारेल ना.

त्या दिवशी दांडीला रापण लागलेली. ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते, होडीने जाळं अर्धगोल टाकत जातात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावर दोन घोळके ओढत आणतात, गावातला कोणीही जाऊन दोराला हात लावू शकतो, हात लावला की थोडं म्हावरं मिळतं. (आता रापणीला पूर्वीसारखी मासळी राहिली नाही, तो फार दुखरा विषय आहे आणि त्यावर बोलायला मी पुरी पडणार नाही.) मी पण लागले ओढायला, आणि दोन मिनिटांत तळहात लाल. माझ्या मागे एक काकी होत्या, साठीच्या असतील, त्या म्हणाल्या, "हातान ओढू नको गो, हात सोलून जातले. दोर कमरेक लाव आणि मागे सर." त्यांनी स्वतः दोर उजव्या कमरेच्या हाडाला टेकवला होता, हात फक्त दोर सुटू नये म्हणून होते, गुडघे वाकलेले, टाचा वाळूत रुतवलेल्या, आणि सगळं अंग मागे. मी बघतच राहिले कारण ते कोकुत्सू-दाची होतं हो! अगदी तेच. आणि मुठी कमरेवर आणणं ज्याला आम्ही हिकिते म्हणतो, जे मी मुलांना "मूठ कमरेला, मूठ कमरेला" असं ओरडून सांगते, ते या बाई आयुष्यभर करत आल्यात आणि त्यांच्या त्या मुठीत कायम काहीतरी असतं. आमच्या मुठीत काहीच नसतं.

संध्याकाळी भाच्याला परत उभं केलं. हात धरला, कमरेच्या हाडाला लावला, आणि हाताने न ओढता मागे सरले. तो दोन पावलं अक्षरशः धडपडत आला आणि त्याचं डोकं वाकून खाली आलं, बरोबर तिथे जिथे माझा डावा ठोसा जातो. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्याने विचारलं, "मावशी, परत एकदा?" मग ते जेवायची वेळ होईपर्यंत चालू होतं.

सरांना फोन केला तर ते खूश झाले, पण म्हणाले एक अर्थ सापडला म्हणून थांबू नकोस, तीन शोध आणि त्यातले दोन फेक. बुंकाई म्हणजे काताची फोड करून अर्थ लावणं, आणि सरांचे त्याबाबतीतले नियम कडक आहेत. समोरचा माणूस तुला मदत करत असेल तर ती बुंकाई नाही. सहा फुटांवरून कोणी सरळ पाऊल टाकत ठोसा मारत नाही, रस्त्यावर माणूस जवळ येऊन कॉलर धरतो, मनगट धरतो, केस धरतो, तिथून विचार कर. तू वळलीस म्हणजे मागे दुसरा शत्रू उभाच आहे असं समजू नकोस, वळणं म्हणजे बऱ्याचदा हातातल्या माणसाला फिरवून पाडणं असतं. आणि एक हात कमरेला गेला असेल तर त्या हातात काय धरलंय ते आधी सांग. इतोसूंनी 1908 मध्ये कराटेबद्दल दहा सूचनांचं एक पत्र लिहिलं होतं, त्यातही प्रत्येक तंत्राचा अर्थ काय, ते कधी वापरायचं हे समजून घेऊन सराव करा असं सांगितलंय. म्हणजे शाळेत कवायत आणणाऱ्या माणसाचंच हे म्हणणं आहे.

मग पाऊस लागला. किनाऱ्यावर जायचा प्रश्नच नाही, दर्या खवळलेला, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या. दोन-अडीच महिने मी घराच्या पडवीत काढले. पडवी माझी लांबीला सात पावलं, गांकाकूला तेवढी पुरत नाही, म्हणून तुकड्यातुकड्यांत. आणि तेव्हा मी त्या पायाकडे वळले.

शोतोकानमधली ती पोझिशन अशी असते. एका पायावर उभं राहायचं, गुडघा थोडा वाकलेला, आणि दुसऱ्या पावलाची वरची बाजू टेकलेल्या पायाच्या गुडघ्यामागच्या खळगीला चिकटवायची. एक हात वर मागे, एक खाली पुढे. त्सुरू-आशी-दाची म्हणतात, क्रौंचाचा पाय. जपानीत बगळ्यासाठी सागी हा वेगळा शब्द आहे आणि सागी-आशी-दाची नावाची वेगळी उभं राहायची पद्धतही आहे, त्यामुळे आपण मराठीत गांकाकूचा अर्थ सांगताना सरसकट बगळा म्हणतो ते तसं बरोबर नाही. पण आमच्या खडकांवर क्रौंच कुठला, मला रोज दिसतो तो काळपट बगळाच.

पडवीत पाऊस ऐकत मी एका पायावर उभी राहायचे. डोळे उघडे ठेवून मिनिटभर सहज जमायचं, डोळे मिटले की पंधरा सेकंदात पाय खाली. टेकलेला गुडघा दुखायला लागला. ऑगस्टमध्ये डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी उभं करून बघितलं आणि म्हणाले गुडघा आत पडतोय, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा, आणि पावलाची तीन ठिकाणं जमिनीला टेकलेली पाहिजेत, अंगठ्याखालचा उंचवटा, करंगळीखालचा आणि टाच. ही एवढी साधी गोष्ट, पण त्यानंतर दुखणं कमी होत गेलं आणि डोळे मिटून चाळीस सेकंदांपर्यंत गेले. जे कोणी हे काता चाळिशीनंतर करतायत त्यांनी कृपा करून हे आधी बघून घ्या, मी सहा महिने चुकीच्या गुडघ्यावर काढले.

पण बॅलन्स सुधारला म्हणून प्रश्नाचं उत्तर मिळालं का? नाही. आता मी जास्त छान उभी राहत होते एवढंच. पाय का उचलला ते अजून माहीत नव्हतंच.

याच दिवसांत टोकियो ऑलिंपिकचे काताचे व्हिडिओ परत बघितले. 2021 मध्ये झालेलं ते, कराटेला पहिल्यांदाच जागा मिळाली होती आणि काता निप्पोन बुदोकानमध्ये झाला होता. पुरुषांमध्ये ओकिनावाचेच रयो कियुना आणि बायकांमध्ये स्पेनच्या सांद्रा सांचेझ यांना गोल्ड. कियुना आईचा फोटो घेऊन पोडियमवर उभे राहिले होते, ते बघून तेव्हा पण रडले होते आणि आता पण. स्पर्धेच्या काताला नावं ठेवायची एक फॅशन आहे आपल्यात, की ते सगळं दिखाऊ, त्यात जीव नाही. मला नाही तसं वाटत. कियुनांच्या डोळ्यांत बघा, समोर कोणीतरी नक्की उभं आहे. आपल्या जिल्हा पातळीवर मात्र मुलं मोठ्या खेळाडूंचं थांबणं उचलतात, एका पायावर पोझ घेऊन पाच सेकंद थांबतात, डोळे मोठे करतात, आणि कशासाठी थांबलो ते त्यांना माहीत नसतं. मी पण तेच करत होते, वेगळं काही नाही.

उत्तर मिळालं ते नोव्हेंबरमध्ये, आणि ते सुद्धा कालवं काढायला गेले तेव्हा. दिवाळीनंतर सुकती, म्हणजे ओहोटी, मोठी असली की आमच्याकडच्या बायका खडकांवर जातात, कोयती घेऊन खडकाला चिकटलेली कालवं फोडतात. मी शेजारच्या काकींबरोबर गेले होते, लहानपणानंतर पहिल्यांदाच. शेवाळ एवढं की पाऊल ठेवलं की सरकतंय. मी पुढच्या खडकावर पाय टाकायचे आणि मग त्यावर वजन द्यायचे, तर दोनदा घसरले, दुसऱ्यांदा तर नडगी सोलवटली. काकी सत्तरीच्या, त्या टुकूटुकू पुढे. त्यांच्याकडे बघत बसले थोडा वेळ. त्या पाय उचलतच नव्हत्या. म्हणजे उचलत होत्या, पण आधी टेकलेल्या पायात अख्ख्या बसायच्या, कंबर त्या पायावर आणायच्या, आणि मग दुसरा पाय रिकामा झाल्यामुळे आपोआप वर यायचा. तो रिकामा पाय खडकाला नुसता लागून बघायचा, नाही पटलं तर परत मागे, गुडघ्याजवळ. मी विचारलं काकी तुम्ही कशा घसरत नाही, तर त्या कालव फोडता फोडता म्हणाल्या, "उचललल्या पायाक काय काम नाय गो, टेकललो आसा तेका काम. घाय करू नको."

मी तिथेच, हातात पिशवी, खडकावर उभी राहिले. कंबर उजव्या पायावर आणली. डावा पाय हलका झाला. वर आला. मी उचलला नाही, तो वर आला. जवळच दुसऱ्या खडकावर तो काळपट बगळा उभा होता, एक पाय पोटात घेऊन, आणि लाट त्याच्या खडकावरून सरसरत जात होती तरी तो हलत नव्हता. ही मी नंतर लावलेली सजावट नाही, तो तिथे रोज असतो.

घरी आल्यावर भाच्याला बोलावलं आणि म्हटलं माझ्या पुढच्या पायाला झाडू मार, म्हणजे आशी-बाराई, खालून पाय उडवायचा, आणि खरा मार. आधी मी जुन्या पद्धतीने केलं, तो आला की पाय उचलायचा. दर वेळी उशीर, दर वेळी पाय सापडायचा, मी पडवीत आपटले सुद्धा. मग नव्या पद्धतीने, तो जवळ येताना मी आधीच मागच्या पायात बसले, वरच्या हाताने त्याची बाही धरलेली, आणि त्याचा पाय माझ्या पावलाखालून रिकामा निघून गेला. आता त्याचा पाय हवेत, तो स्वतःच एका पायावर, आणि माझा पाय आधीच वर आलेला आहे, आधीच गुडघ्यापाशी, किक मारायला तयार. कातामध्ये त्या पोझिशननंतर काय येतं? त्याच पायाने योको-गेरी, बाजूची किक. आणि त्यानंतर पाय टाकून ओई-झुकी, म्हणजे पाऊल टाकत मारलेला ठोसा. मी हे सगळं वीस वर्षं याच क्रमाने करत होते.

सरांच्या नियमाप्रमाणे आणखी दोन अर्थ शोधले. एक, समोरच्याच्या गुडघ्यामागे पाऊल अडकवून त्याला पाडणं, ते भाच्यावर चाललं नाही कारण तो माझ्याहून जड आहे. दुसरा, समोरच्याने पाय धरलाय आणि तो सोडवणं, ते कधी चाललं कधी नाही. फेकले दोन्ही. सर म्हणाले दुसऱ्या कोणाच्या अंगाला ते बसतील, उंच माणसाला, जड माणसाला, पण तुझं हे. काता एकच असतो तरी प्रत्येकाला त्यातलं वेगळं लागू पडतं, म्हणून ग्रेडिंगला तुझंच उत्तर घेऊन जा, पुस्तकातलं नको.

या एप्रिलमध्ये परत मुंबई. परीक्षक वेगळे होते, मागच्या वेळचे नव्हते, आणि मला थोडं वाईट वाटलं कारण मनातल्या मनात मी पंधरा महिने त्यांनाच उत्तर देत होते. काता करताना एका पायावर मी मागच्या वर्षीपेक्षा कमी थांबले, जेवढा वेळ तो झाडू खालून जायला लागतो तेवढाच. संपल्यावर एका परीक्षकांनी हॉलमधला एक उंच मुलगा बोलावला आणि म्हणाले, यातलं काहीही एक दाखवा, काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा. मी त्या मुलाला सांगितलं की माझा पुढचा पाय उडव, जोरात उडव, हळू नको. त्याने जोरातच मारला. पाय खालून गेला, माझी किक त्याच्या बरगडीपाशी जाऊन थांबली, आणि त्याची बाही माझ्या हातातच होती म्हणून तो पडता पडता राहिला. परीक्षक म्हणाले, "परत, आता दुसऱ्या बाजूने." दुसऱ्या बाजूने मी कधी भाच्यावर केलंच नव्हतं, पण डाव्या पायात बसले आणि उजवा आला वर. किक जरा खाली गेली.

पास झाले. सरांना फोन केला तेव्हा ते झोपले होते, सूनबाईंनी उठवलं, आणि त्यांनी पहिलं विचारलं, गुडघा कसा आहे.

आता सध्या शेवटाकडची ती गिरकी चालू आहे. दोन्ही हात जुळवून जागच्या जागी पूर्ण फिरायचं आणि फिरून परत एका पायावर यायचं. वाळूवर अजून टाचेचा खड्डा पडतोय, पहिल्यापेक्षा उथळ आहे पण पडतोय, आणि फिरताना माझ्या जुळवलेल्या हातांत काय धरलेलं असतं ते मला अजून नीट कळलेलं नाही. भाचा म्हणतो मनगट, मला वाटतं मान. एक जूनच्या आत किनाऱ्यावर जेवढं होईल तेवढं करून घ्यायचं, नंतर नारळी पौर्णिमेपर्यंत पडवी आहेच.